साडेचार ते पाच

आत्या,

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी बरोबर साडेचारला, तुझ्या नवऱ्याचा, माझ्या पिशेंचा, फोन आला. मी ऑफिसात होते. जिन्यात जाऊन उचलला.  पलीकडून आधी चहाचा घोट ओढल्याचा आवाज आला.

"शानू," ते म्हणाले. माझ्या नावातला 'सा' त्यांना कधी जमला नाही. "काही आहे?"

"नाही," मी म्हटलं. "तुमच्याकडे?"

"माझ्याकडे पण काही नाही."

आम्ही दोघं पाच वाजेपर्यंत तसेच फोन धरून राहिलो. मग ते म्हणाले, "ठेवतो," आणि त्यांनी ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेचारला. नंतर रोज.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून दे, असं मला सांगितलं आहे. तुझा जन्म कुठला, नोकरी कुठे केलीस, मंडळाच्या गणपतीची आरास किती वर्षं सांभाळलीस, हे बाबांनी फोटोबरोबर लिहून दिलं आहे. ते चौकटीत छापतील. मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे, ते पूर्ण करायचं आहे. आणि एक गोष्ट तुला सांगायची आहे, जी मी तीन आठवडे कुणालाच सांगितली नाही. माझे पाय सुजतायत.

तू गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मोजे काढताना घोट्याच्या वर मोज्याच्या कडेचा खोल वळ दिसला. थंडीतले मोजे घट्टच असतात, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सैल मोजे घातले. वळ तसाच. सकाळी डोळ्यांखाली फुगलेलं. लघवीला फेस. या तिन्हींचा मिळून काय अर्थ असू शकतो, हे या घरात दोघींनाच पक्कं माहीत होतं: आजार मूत्रपिंडापर्यंत पोहोचला असेल. त्या दोघींतली एक आता नाही. मग मी तेच केलं जे तू शिकवलं होतंस. म्हटलं, साडेचारला बघू.

वाचणाऱ्यांना हे कोडं वाटू नये म्हणून जरा मागे जाते. तुला चालेल. लपवायची सवय माझी, तुझी नव्हे.

आपल्या दोघींना ल्युपस. शरीराने बाहेरच्या रोगांशी लढायचं सोडून स्वतःच्याच सांध्यांवर, कातडीवर, कधी आतल्या अवयवांवर उलटायचं, असा हा आजार. तो बरा होत नाही, गप्प बसतो. कधी महिनोन् महिने, कधी चार दिवस. तुला लग्नानंतर दोन वर्षांनी झाला, मला एकोणिसाव्या वर्षी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात. घरात एकीला असला तर दुसरीला होईलच असं नाही, होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते. आईने त्यातलं 'होऊ शकतो' तेवढंच ऐकलं. पुढे काही महिने ती तुझ्याशी धड बोलली नाही. जणू तूच मला तो दिला होतास.

पण या आजाराबद्दल मला खरं काही सांगायचं असेल तर ते सांध्यांबद्दल नाही. त्या दिवसापासून माझा कुठलाच थकवा साधा राहिला नाही. लोकांचं डोकं दुखतं, माझं डोकं दुखतं तेव्हा मी मोजायला लागते: कधीपासून, कुठे, गेल्या वेळेसारखं की वेगळं. बोट कडक वाटलं तर दुसऱ्या हाताचं बोट दाबून बघते. आरशात गालावरचा लालसरपणा बघते आणि तो ऊन लागल्यामुळे आहे की मी आत्ताच चोळल्यामुळे, ते कळेपर्यंत तिथून हलत नाही. पहिल्या वर्षी मी दिवसभर स्वतःवर पाळत ठेवून होते. आणि आई माझ्यावर.

"गोळी घेतलीस? चेहरा असा का दिसतोय? जिना चढताना दम लागला का? नीट सांग."

मी नीट सांगायचे नाही. जितकं ती विचारायची तितकी मी मिटायचे. शेवटी तूच बाबांना म्हणालीस, "दादा, तिला दिवसा माझ्याकडे सोड. वहिनीच्या डोळ्यांनी ती जास्त आजारी पडतेय." आई दारात उभी होती. तिने ऐकलं, आणि आत जाऊन माझी पिशवी भरून दिली.

असे ते चार महिने. बाबा ऑफिसला जाताना मला बालीगंजच्या आमच्या घरून बेहालाला तुझ्याकडे आणून सोडायचे. स्टेरॉइडने माझा चेहरा फुगलेला, कंगव्यात केसांचे पुंजके. तू एका शब्दाने काही विचारलं नाहीस. वाटाणे सोलायला दिलेस. दुपारी तुझं घर झोपायचं. जेवणानंतरच्या झोपेला बंगालीत भातघुम म्हणतात, आणि तुझ्या सासरी तिला देवपूजेइतका मान होता. साडेचारला तू उठलीस, व्हरांड्यात बसायला वेताचे दोन मोढे टाकलेस आणि म्हणालीस, "ये. भीतीची वेळ झाली."

मला वाटलं, तू थट्टा करतेयस.

मग तू तुझ्या सासूबाईंची गोष्ट सांगितलीस. तुझं निदान झालं तेव्हा तू दिवसभर रडायचीस. मासे धुताना, कपडे वाळत घालताना, पाहुण्यांसमोर. एक दिवस म्हातारी सुनेला हाक मारून म्हणाली, "बौमा, दिवसभर रडलीस तर घर चालणार नाही. अजिबात नाही रडलीस तर तुझं डोकं फुटेल. मी साडेचारला उठते आणि पाचला चहा घेते. मधला वेळ तुझा. व्हरांड्यात जा, काय घाबरायचं, काय रडायचं ते कर. पाचला मला चहा हवा."

"मला इतका राग आला होता तिचा," तू म्हणालीस. "वाटलं, काळीज आहे की दगड. दुसऱ्या दिवशी चिडूनच साडेचारला जाऊन बसले. आणि रडूच येईना गं! अर्धा तास नुसता समोरच्यांचा पंप बघत बसले."

नंतर नियम तू बनवलेस. भीती मोठ्याने बोलायची. ऐकणाऱ्याने समजूत घालायची नाही. 'काही होणार नाही' हे शब्द बंद. ऐकणाऱ्याने एवढंच म्हणायचं: "अजून?" जोपर्यंत काही उरत नाही तोपर्यंत. पाचला चहा. आणि पाचनंतर दुसऱ्या दिवशी साडेचारपर्यंत आजाराचं नाव नाही.

मी पहिल्या दिवशी तोंड उघडलं नाही. तेव्हा तू सुरुवात केलीस. "मला भीती वाटते की मी तुझ्या पिशेंच्या आधी जाईन आणि त्यांना जाड चादरी कुठल्या कपाटात आहेत ते सापडणार नाही."

मी माझा मोढा जरा जवळ ओढला.

"अजून म्हण," तू म्हणालीस.

"अजून?"

"मला भीती वाटते की मी गेल्यावर ती शेजारची तापसी यांना रोज वाटीभर काहीतरी आणून देईल, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं असेल."

मी हसले. कितीतरी आठवड्यांनी हसले असेन. तेवढ्यात पिशे शाळेतून आले. भूगोलाच्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर टाकत त्यांनी विचारलं, "भीतीचा क्लास सुटला का?" लहानपणी मला त्यांना 'आतोबा' म्हणायला शिकवलं होतं, तर ते घाबरून म्हणाले होते, "नको, हे देवाचं नाव वाटतं, नवस बोलतील लोक." म्हणून ते बंगाली पद्धतीने पिशेमोशाय झाले, आणि मग नुसतेच पिशे.

पाचव्या-सहाव्या दिवशी मी बोलले. म्हटलं, मला भीती वाटते की आता सगळे माझ्याशी कायमच चांगले वागतील. तू "अरेरे" म्हणाली नाहीस. "अजून?" म्हणालीस. मला भीती वाटते की प्रत्येक नव्या माणसाला कधीतरी हे सांगावं लागेल आणि मी त्याचा चेहरा बदलताना बघत बसेन. "अजून?" मला आईचा कंटाळा येतो आणि ते तिला कळेल. इथे तू जरा थांबलीस, पण तरी म्हणालीस, "अजून?"

साडेचारच्या आधी काही सुचलं तर लिहून ठेवायला तू मला वही दिलीस. मी इंग्रजी शाळेतली, मराठी फक्त बोलण्यापुरतं. विचारलं, इंग्रजीत लिहू का? तू म्हणालीस, "नको. इंग्रजीत तू फार हुशार असतेस. मराठीत लिही, म्हणजे खरं लिहिशील." हे मी मराठीत लिहितेय ते त्यामुळेच, आणि चुका राहिल्या असतील त्या तुझ्या खात्यात.

तुझ्या अर्ध्या तासाने मला वाचवलं, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे मी तुझ्यावर चिडणार आहे. मी कॉलेजला परत गेले. नोकरीला लागले. तेव्हा आपला क्लास फोनवर आला. सकाळी अकराला मी घाबरून फोन करायचे, "आत्या, बोटं सुजल्यासारखी वाटतायत."

"किती वाजले?"

"अकरा."

"मग?"

"साडेचारला करते."

आणि साडेचारला बहुतेक वेळा मला आठवायचंच नाही की सकाळी काय होतं. ऑफिसात कुणाला काही माहीत नाही. या आजाराला ऊन चालत नाही. मी ढगाळ दिवशीही छत्री घेऊन जाते म्हणून मला 'मेमसाहेब' म्हणतात. तेवढ्यावर निभावलं. मध्ये सलग सोळा महिने आजार गप्प होता, आणि सोळा महिने मी जवळजवळ इतर मुलींसारखी होते.

भांडण झालं ते दुर्गापूजेच्या आधी. मी बेहालाला आले होते. तुझ्या तोंडात फोड आले होते, जेवताना तू एका बाजूने चावत होतीस. तीन आठवडे झाले, असं पिशे म्हणाले. मी विचारलं, डॉक्टरांना सांगितलंस?

"साडेचार होऊ दे, तुला सांगते."

"मला नको सांगूस. त्यांना सांग."

"त्यांना काय सांगायचं? गोळी वाढवतील. मला माहीत नाही का?"

"आत्या, भीतीला वेळ ठरवून देता येते. फोडाला कशी देणार?"

तू ताट सरकवलंस. "म्हणजे काय करू? जरा कुठे दुखलं की धावत सुटू? प्रत्येक गोष्टीला तपासणी? मग जगायचं कधी? वीस-बावीस वर्षं मी अशीच उभी राहिलेय. तू या आजारात पाच वर्षांची आहेस. मला शिकवू नकोस."

"मी शिकवत नाहीये, मी..."

"तू घाबरलीयेस. आणि आत्ता वाजलाय दीड."

मला इतका अपमान वाटला. तुझ्यासमोर घाबरण्याचा मला कधी संकोच वाटला नव्हता, आणि तूच तो शब्द माझ्या अंगावर टाकलास. मी न जेवता उठले. चार दिवस तुझा फोन नाही, माझाही नाही. पाचव्या दिवशी तू फोन केलास आणि विचारलंस, नारळाच्या लाडवाला गूळ किती घालायचा ते आईला विचारून सांग. तू दरवर्षी परातभर करायचीस ते. आईला ते येतही नाहीत. मी म्हटलं, विचारून सांगते. आपण दोघी खूश झालो, आणि भांडण तिथेच राहिलं.

खरं सांगू? तुझंही चूक नव्हतं. पहिल्या वर्षी मी प्रत्येक दुखण्याला धावले होते. एकामागून एक तपासण्या, आणि रिपोर्ट पुष्कळदा नीट. प्रत्येक नीट रिपोर्टनंतर मला दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी नवीन शंका यायची. त्यातून तूच मला ओढून काढलंस. म्हणूनच मला तुझ्याशी वाद जिंकता येत नाही. तू होतीस तेव्हाही येत नव्हता.

मग तो मंगळवार. सकाळी अकराला मी सहज फोन केला. तुझा आवाज तुटत होता.

"तुला धाप लागलीये?"

"आत्ताच जिना चढले."

"ताप आहे का?"

"किती वाजले?" तू हसून म्हणालीस.

मीही हसले. मला मीटिंगला जायचं होतं. आणि आत्या, हे मी कुणाला सांगितलं नाही: मला हायसं वाटलं. तुझ्या नियमाने मला सुट्टी दिली. साडेचारलाही मीटिंग चालूच होती. मी टेबलाखाली मेसेज केला, आज नाही जमत, उद्या? तू अंगठा पाठवलास.

गुरुवारी तुला दाखल केलं. छातीत संसर्ग, तोही चांगला पसरलेला. आपल्या औषधांनी आपली ताकद आधीच उतरवलेली असते, हे तू मला शिकवलंस. ताप आला की वाट बघायची नाही, हेही कधीतरी तूच शिकवलं होतंस. शेवटी शेवटी भेटायला आले तर तू मास्कमधून काहीतरी म्हणत होतीस. नर्सला कळेना. तिने मला बोलावलं. तू म्हणत होतीस, "पडदा ओढ, ऊन येतंय." तिथे खिडकीच नव्हती. मी भिंतीजवळ जाऊन पडदा ओढल्यासारखं केलं. तू डोळे मिटलेस.

दोन दिवस आधी आणलं असतं तर, असं कुणी म्हणालं नाही. डॉक्टर नाही, बाबा नाही, पिशे नाहीत. मी म्हणते.

तुझ्या श्राद्धाला तुझ्या घरी पन्नासेक माणसं होती. आलेली प्रत्येक बाई आधी तुझ्या फोटोकडे बघायची आणि मग माझ्याकडे. तापसीमाशीने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "तू मात्र सांभाळून राहा गं." मात्र. मी मान डोलावली आणि आत जाऊन तुझ्या मोरीत उभी राहिले. तेव्हा पाय सुजलेले नव्हते. किंवा असतील, मी बघितले नाहीत.

म्हणून सुजायला लागले तेव्हा सांगणार कुणाला? आई रोज माझ्या ताटाकडे, चेहऱ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होती. तिला सांगितलं तर ती तुझा शेवट माझ्यावर वाचायला लागेल. बाबांची बहीण नुकतीच गेलेली. पिशेंना सांगणं तर अशक्य. साडेचारला ते विचारायचे, काही आहे? मी जिन्यात उभी राहून एक पाय वर उचलून मोज्याची कड बोटाने सैल करत म्हणायचे, नाही. माझी वेळ संपायची. मग मी स्वतःला सांगायचे, उद्या साडेचारला. भीती आहे की लक्षण, हे ठरवायची पद्धत तू मला शिकवलीच नाहीस. मला वाटतं, तुलाही ती येत नव्हती.

गेल्या रविवारी सकाळी पिशेंनी बोलावलं. "तुझ्या आत्याच्या गोळ्या डबाभर आहेत," ते म्हणाले. "त्याच तू पण घेतेस ना? तारखा बघितल्या मी, पुढच्या वर्षीपर्यंत चालतील. फेकवत नाही."

दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर अंगावर काटा आला असता. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. मी गेले. फरशी नुकतीच पुसलेली होती, म्हणून दारात बुटांबरोबर मोजेही काढले. खाली बसून पाकिटं वेगळी करायला लागले: ही माझ्याकडे आहे, ही तुझी जास्त ताकदीची, ही मला लागत नाही. पिशे खुर्चीत बसून नावं वाचून दाखवत होते. मध्येच थांबले.

"शानू, पाय पुढे कर."

मी ओढणी पायांवर ओढली.

"कर म्हटलं."

ते गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि अंगठ्याने माझी नडगी दाबली. पाच-सहा सेकंद. अंगठा उचलला तेव्हा तिथे खळगा पडला होता. आम्ही दोघं त्या खळग्याकडे बघत होतो. तो भरून यायला फार वेळ लागला.

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

"आणि मला रोज 'नाही' म्हणत होतीस."

"तुम्हीपण म्हणत होतात."

ते फरशीवरच बसून राहिले. मग म्हणाले, "त्या मंगळवारी तुझा फोन आला नाही, म्हणून मी बसलो तिच्यासमोर. ती म्हणाली, श्वास पुरत नाही. मी म्हणालो, अजून? ती म्हणाली, कालपासून थंडी वाजते. मी म्हणालो, अजून? इतकी वर्षं तेच म्हणत आलो ना. पाच वाजले, मी उठून चहा केला." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "'चल' म्हणायचं होतं, शानू. मला सुचलंच नाही."

मग ते उठले, माकडटोपी घातली, कानावरून नीट खाली ओढली आणि म्हणाले, "चल."

"आज रविवार आहे."

"लॅब सकाळी उघडी असते. मला नको सांगू, मी इतकी वर्षं तिच्या तपासणीच्या बाटल्या पोचवल्यात. आईला फोन कर."

"नको."

"मग मी करतो. माझं मराठी ऐकून ती जास्त घाबरेल."

मी केला. लॅबच्या बाकावर बसून, एका दमात सांगितलं, पाय, डोळे, फेस, तीन आठवडे. मी प्रश्नांची वाट बघत होते. आई म्हणाली, "कुठे आहेस? आले." अर्ध्या तासात ती घरातल्याच साडीवर, बाबांचा स्वेटर अडकवून आली. माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "मला माहीत होतं. धुण्यात तुझे सगळे मोजे सैल यायला लागले."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं की तू मिटतेस. आधी मीनाला विचारायचे."

मला कळलं नाही. तेव्हा आईने सांगितलं की ती रोज पाच वाजून गेले की तुला फोन करायची. पाच वर्षं. विचारायची, आज काय म्हणाली? आणि तू कधीच काही सांगितलं नाहीस. फक्त म्हणायचीस, "आज बोलली, वहिनी," किंवा "आज गप्प होती, पण ठीक आहे." आई म्हणाली, "तेवढ्यावर मला झोप लागायची. आता पाच वाजले की मला काय करावं कळत नाही."

आत्या, तू हे मला का नाही सांगितलंस? मी आईचा कंटाळा येतो म्हणाले आणि तू "अजून?" म्हणालीस, तेव्हा अर्ध्या तासाने तीच तुला फोन करणार होती. मी त्या बाकावर रडले. तू गेल्यावर पहिल्यांदा. घड्याळात किती वाजले ते बघितलं नाही. आईने समजूत घातली नाही. तिला त्या नियमाचं काही माहीत नसूनही नाही घातली. पिशे पलीकडे टोपीतून समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचत होते.

लघवीच्या रिपोर्टमध्ये प्रथिनं निघाली. पुष्कळ.

तर माझं भांडण असं आहे. तू मला भीतीबरोबर राहायला शिकवलंस आणि स्वतः भीतीशी जशी वागायचीस तशीच त्या दिवशी तापाशी वागलीस. मला तुझा राग येतो. मग माझा येतो, कारण तो अंगठ्याचा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. मग पुन्हा तुझा. हे एवढ्यात मिटेल असं दिसत नाही, आणि मिटवायची मला घाईही नाही. भांडण चालू आहे तोवर समोर कुणीतरी आहे असं वाटतं.

काल आई आणि मी हॉस्पिटलात गेलो. मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासायचा आहे, उद्या. एक तरुण डॉक्टर टेबलावर फॉर्म भरून घेत होता, मागे लांब रांग. घरात आणखी कुणाला हा आजार आहे का, त्याने विचारलं.

"आत्याला."

"त्या कशा आहेत आता?" वर न बघताच.

"गेली," मी म्हटलं. "पाच आठवड्यांपूर्वी. आम्ही तिला उशिरा आणलं."

त्याचं पेन थांबलं. आई माझ्याकडे वळली.

"मी वेळेत आलेय का?" मी विचारलं.

"ते तपासणीनंतर सांगता येईल."

"ते कळलं. पण हे कागद बघून तुम्हाला काय वाटतं?" माझा आवाज इतका मोठा निघाला की रांगेतले दोन-तीन जण पुढे वाकून बघायला लागले. तुला माहीत आहे, मी रिक्षावाल्यालासुद्धा एकच गोष्ट दोनदा विचारत नाही. मी तिथून हलले नाही. त्याने रिपोर्ट पुन्हा उलटा-सुलटा केला, आकडे बघितले.

"फार उशीर झालेला दिसत नाही," तो म्हणाला.

फार. आईनेही तोच शब्द ऐकला होता, तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, आणि या वेळी मी नजर काढून घेतली नाही. मग त्याला विचारलं, सही कुठे करायची.